साठ लाख वर्षांची कादंबरी आणि वाचकाचे मत

दूरच्या भविष्यकाळावर लिहिलेल्या एखाद्या मोठ्या कादंबरीविषयी वाचकांची मते ऐकू लागलो की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. जे एकाला भावले तेच दुसऱ्याला खटकलेले असते, आणि दोघेही पुस्तकातल्या त्याच पानांकडे बोट दाखवत असतात. अ‍ॅलिस्टर रेनॉल्ड्स यांची २००८ साली प्रसिद्ध झालेली ‘हाउस ऑफ सन्स’ ही कादंबरी रत्नागिरी परिसरातल्या आम्हा काही वाचकांमध्ये हातोहात फिरली, तेव्हा नेमके असेच झाले. एका निवृत्त शिक्षकांनी ती अर्ध्यावर ठेवली. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने ती सलग दोनदा वाचली. तिसऱ्या एका वाचकाने, जे व्यवसायाने डॉक्टर आहेत, ती पूर्ण करून ‘कल्पना मोठी, माणसे लहान’ असा अभिप्राय दिला. ही मते खाजगी गप्पांपुरती राहिली असती तर त्यांवर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण ग्रंथालयाने कोणते पुस्तक विकत घ्यावे, कोणते मागच्या कपाटात हलवावे, प्रकाशकाने कशाचा अनुवाद हाती घ्यावा, हे निर्णय अशाच मतांच्या बेरजेवर होतात, आणि म्हणून मत कसे बनते हा सार्वजनिक प्रश्न आहे. माझे म्हणणे असे आहे की, पुस्तक नाकारण्याचा वाचकाचा हक्क पूर्ण असला तरी त्या पुस्तकाने स्वतःहून पत्करलेले काम कोणते होते हे पाहूनच त्याचे माप घेतले पाहिजे. आणि या प्रकारच्या कादंबऱ्यांची गरज कोकणपट्टीतील वाचकाला इतर कोणाहूनही कमी नाही, किंबहुना थोडी अधिकच आहे.

आधी कादंबरीविषयी थोडे सांगायला हवे. रेनॉल्ड्स हे खगोलशास्त्राचे अभ्यासक. युरोपीय अंतराळ संस्थेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २००४ मध्ये ती नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. त्यांच्या या कादंबरीत प्रकाशापेक्षा अधिक वेगाने कोणालाही जाता येत नाही. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, आणि आपल्या आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे. म्हणजे प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचलेल्या यानालाही आकाशगंगेची एक प्रदक्षिणा करायला लाखो वर्षे लागणार. बहुतेक अंतराळ कादंबऱ्या या अडचणीतून एखादा चोरमार्ग काढतात. रेनॉल्ड्स ती अडचण स्वीकारतात आणि तिच्याभोवती समाज उभा करतात. अ‍ॅबिगेल जेन्शियन नावाच्या स्त्रीने स्वतःपासून घडवलेल्या सुमारे हजार व्यक्तींचे एक कुळ आहे. त्यातील प्रत्येकजण आकाशगंगेची सुमारे दोन लाख वर्षांची फेरी करतो, आणि फेरीअखेर सारे एकत्र जमून रोज रात्री एकेकाच्या आठवणी सर्वांनी वाटून घेतात. अशा फेऱ्या करता करता साठ लाख वर्षे लोटली आहेत. कॅम्पियन आणि पर्स्लेन हे दोघे कुळाचा नियम मोडून एकत्र राहतात, संमेलनाला उशिरा निघतात, आणि त्या उशिरामुळेच कुळावर झालेल्या भीषण हल्ल्यातून वाचतात. पुढची कथा हल्ला कोणी केला आणि का केला याच्या शोधाची आहे.

पहिला आक्षेप सुरुवातीच्या पानांवर होता. लेखक काहीच समजावून सांगत नाही, अनोळखी संस्था आणि यंत्रे एकामागून एक येत राहतात, आणि वाचकाला आपण परक्या घरात शिरल्यासारखे वाटते. हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु तो अपुरा आहे. साठ लाख वर्षांनंतरचा मनुष्य आपल्या दिनक्रमातील वस्तूंची ओळख करून देत बसला, तर तो साठ लाख वर्षांनंतरचा उरणारच नाही. अनोळखीपण हा येथे कथेचाच भाग आहे. पन्नास पाने वाचून पुस्तक मिटणाऱ्याने ‘मला या अनोळखीपणात राहायचे नव्हते’ असे म्हटले तर ते त्याचे मत झाले. ‘लेखकाला सांगता आले नाही’ असे म्हणायचे असेल, तर मात्र पुढे त्या गोष्टींचा उलगडा होतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. या कादंबरीत बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. कॅम्पियन आणि पर्स्लेन आळीपाळीने निवेदन करतात, पण प्रकरणाच्या आरंभी निवेदकाचे नाव नाही आणि दोघांच्या बोलण्याची धाटणी इतकी सारखी आहे की दोन-तीन परिच्छेद वाचल्यावाचून कोण बोलते आहे ते कळत नाही. पुस्तकाचे चाहते याचे समर्थन करताना म्हणतात की दोघेही एकाच स्त्रीपासून घडलेले आहेत, तेव्हा त्यांचा आवाज सारखाच असणार. हे समर्थन मला पटत नाही. दोघे एका मुळापासून निघाले हे खरे. पण त्यानंतर दोघांनी कितीतरी जगे पाहिली, आणि लेखकाने स्वतःच कॅम्पियनला बेफिकीर आणि पर्स्लेनला सावध, विचारी असे रंगवले आहे. स्वभाव वेगळे झाले असताना वाक्ये वेगळी का होऊ नयेत? कुळातील इतर व्यक्ती संवादांमधून एकमेकांपासून स्पष्ट ओळखू येतात, त्या अर्थी लेखकाला ते जमत नव्हते असेही नाही. ही कारागिरीतील उणीव आहे. कल्पनेच्या भव्यतेच्या आड ती लपवली, तर वाचक म्हणून आपण लेखकाचेही भले करत नाही.

डॉक्टरांच्या ‘माणसे लहान’ या अभिप्रायाचा गाभा असा, की लाखो वर्षे जगलेली माणसेही आपल्यासारखाच मत्सर करतात, रुसतात, प्रेमात पडतात, बैठकीत मानपान पाहतात. मग काळाचा एवढा पसारा कशासाठी? याचे उत्तर आपल्याच मातीत सापडते. सिंधुदुर्गातील कोणत्याही जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावताराला बसलेला प्रेक्षक शंकराला संसारी पुरुषासारखे रागावताना पाहतो आणि देवाचे देवपण उणे झाले असे मानत नाही. ओळखीचा राग समोर असल्यामुळेच त्या रागाचे अफाट परिणाम त्याला जाणवतात. रेनॉल्ड्स हेच करतात. मनुष्यस्वभाव पूर्णपणे बदललेला दाखवला असता तर वाचकाला धरायला काहीच उरले नसते. मात्र डॉक्टरांचे अर्धे म्हणणे मी मान्य करतो. लाखो वर्षांच्या अनुभवाने आलेला थकवा, कंटाळा, स्वतःच्याच जुन्या आठवणींविषयीचे परकेपण यांचे चित्रण कादंबरीत जितके व्हायला हवे होते तितके झालेले नाही. ज्या थोड्या ठिकाणी ते येते, तेथे लेखन फार उंचीवर जाते.

अ‍ॅबिगेलच्या बालपणाचे उपकथानक अनेकांना तुटक वाटले. प्रत्येक भागाच्या आरंभी एक मुलगी, सतत वाढत जाणारा एक वाडा आणि खेळणाऱ्याला स्वतःचा विसर पाडणारा एक विलक्षण खेळ येतो. मुख्य कथेशी त्याचा उघड सांधा दिसत नाही. खेळातील भूमिका खरी वाटू लागते आणि खरे आयुष्य पुसट होते, हे सूत्र पुढे साऱ्या कुळालाच लागू पडते, एवढे लक्षात आले की तो सांधा दिसू लागतो. शेवटाविषयीची तक्रार मात्र रास्त आहे. एवढ्या सायासाने बांधत आणलेल्या प्रश्नाचा निकाल फार थोड्या पानांत लागतो.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. आमच्या चर्चेत तो निवृत्त शिक्षकांनी मांडला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, ‘आंबा, मासळी, मुंबईला गेलेली मुले आणि बंद पडलेली घरे हे आपले विषय. साठ लाख वर्षांशी आपल्याला काय कर्तव्य?’ या प्रश्नाला टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

एवढ्या लांबीच्या काळाची कल्पना आपल्याला परकी आहे, हे पहिल्याप्रथम नाकारले पाहिजे. भाद्रपदात गणपती बसवताना कोकणातल्या घराघरांत भटजी जो संकल्प सांगतात, त्यात ‘श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे’ असा उच्चार असतो. पौराणिक गणनेत एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. एवढ्या काळात आपले युग कोणते, त्यातला चरण कोणता, आजची तिथी कोणती आणि पूजा करणारा कोण, असे उतरत उतरत ते वाक्य घरातल्या माणसाच्या नावागोत्रापर्यंत येते. यातून प्राचीन विज्ञानाचा कोणताही दावा मला करायचा नाही. तो करणे चुकीचेच ठरेल. पण अतिदीर्घ काळाच्या पटावर एका लहानशा कृतीची जागा सांगण्याची सवय आपल्या कानाला आहे, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते. साठ लाख वर्षांचा उल्लेख ऐकून दचकण्याचे आपल्याला काही कारण नाही.

कर्तव्य काय, या भागाचे उत्तर राजापूर तालुक्यात आहे. माडबन येथे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, असा त्याचा मूळ आराखडा. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही, आणि तो व्हावा की होऊ नये यावर या लेखात मी मत देणार नाही. पण त्याविषयीच्या वादांतून कानावर पडलेली मुदत आठवून पाहा: जमिनीचा मोबदला, मासेमारीचे हंगाम, नोकऱ्यांची वर्षे, फार तर प्रकल्पाचे आयुष्य. अणुभट्टीत वापरलेल्या इंधनात तयार होणाऱ्या प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे २४,१०० वर्षे आहे. भारताच्या धोरणानुसार हे इंधन पुनर्प्रक्रियेसाठी जाते आणि प्लुटोनियम पुन्हा वापरायचे असते, हे धरूनही दीर्घायुषी किरणोत्सारी द्रव्ये सांभाळण्याचा प्रश्न आपल्या नातवंडांपाशी संपत नाही. एखाद्या ग्रामसभेत चोवीस हजार वर्षांची गोष्ट काढली तर ती कशी बोलायची, हेच कोणाला ठाऊक नसते. तेवढ्या काळाची भाषा आपण कोठे शिकणार? पाठ्यपुस्तकात आकडा मिळतो. त्या काळात राहून पाहण्याचा अनुभव कादंबरी देते.

त्याच राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, बारसूला, देवाचे गोठणे येथे आणि कशेळीला, जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीचा प्रचंड हत्ती आणि त्याच्या आत कोरलेले इतर प्राणी ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की, त्यांपुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न ‘हे कोणी आणि का केले’ हाच येतो आणि त्याला खात्रीचे उत्तर नाही. काही ठिकाणी गेंड्यासारखे प्राणी कोरलेले आहेत, जे आज कोकणात नाहीत. ही शिल्पे हजारो वर्षांपूर्वीची असल्याचे अभ्यासक मानतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्यांचा समावेश झाला. ज्या सड्यावर पिढ्यानपिढ्या गुरे चारली, तेथल्याच पूर्वजांचा निरोप आपल्याला वाचता येत नाही. मग आज आपण लिहून ठेवलेली धोक्याची सूचना त्याहून कितीतरी अधिक काळानंतरचा मनुष्य कसा वाचणार? ‘हाउस ऑफ सन्स’चा खरा विषय हाच आहे: लांबच्या काळात आठवण टिकते कशी, आणि ती पुसली जाते कशी.

येथे कथेतील रहस्य उघड केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्यांना पुस्तक वाचायचे आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावे. फार पूर्वी यंत्रांच्या एका संस्कृतीचा संपूर्ण नाश मानवी कुळांनी सावधगिरी म्हणून योजलेल्या एका उपायामुळे घडला होता. पुढे ते ओझे सहन होईना, म्हणून कुळांनी ती घटना आपल्या सामायिक स्मृतीतूनच काढून टाकली. आठवणी वाटून घेणे हाच ज्यांचा धर्म, त्यांनीच आठवणीत खोट केली. आणि कादंबरीतला सारा रक्तपात ते गुपित सांभाळण्यासाठी होतो. वाचकांच्या मतांमध्ये मला सर्वांत मोठी उणीव दिसली ती येथे. यानांचा वेग, लढाया, निवेदकांचे आवाज यांवर आम्ही तासन्‌तास बोललो. पण न आठवणाऱ्या अपराधाची जबाबदारी वंशजांवर असते का, आणि स्मृती हेतुपुरस्सर पुसणारा समाज निर्दोष ठरतो का, यावर त्या विद्यार्थिनीखेरीज कोणी बोलले नाही. तिचे मत असे होते की कॅम्पियन अपराधी नाही, पण सत्य कळल्यानंतर तो काय करतो यावर त्याची परीक्षा आहे. मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. कॅम्पियन हा कोणाचा नातू-पणतू नाही. ते कृत्य घडले तेव्हा तो स्वतः जिवंत होता, त्याला फक्त आठवत नाही. त्यामुळे वंशजाला मिळणारी सूट त्याला मिळू नये असे मला वाटते. मतभेद राहिला, आणि कादंबरीला शोभेल असाच मतभेद होता तो.

मराठी वाचक अशा पुस्तकाकडे येतो तेव्हा त्याच्यापाशी एक विशिष्ट अपेक्षा असते, तिचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे विज्ञानकथा मोठ्या प्रमाणावर लघुकथेच्या रूपाने, नियतकालिकांतून आणि दिवाळी अंकांतून वाढली. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. परिषदेच्या कथास्पर्धेसाठी १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले, ही हकिगत अनेकांना ठाऊक आहे. त्या परंपरेने वाचकाला एक चांगली शिस्त लावली: कथेतील विज्ञान खरे आहे का, हे विचारण्याची. पण तिच्याबरोबर एक मर्यादाही आली. कथा वाचून संपली की ‘यातून कोणते तत्त्व समजले’ असा हिशेब मांडण्याची सवय लागली. शेकडो पानांच्या अंतराळ कादंबरीला हा हिशेब लावला तर ती तोट्यातच जाणार, कारण तिचे काम तत्त्व शिकवण्याचे नसते. नारळीकरांच्याच ‘वामन परत न आला’ या कादंबरीत, लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली माहिती आणि तिच्यातून उभा राहणारा यंत्रमानव हा विषय आहे. तिच्यात विज्ञान आहेच, पण वाचकाच्या मनात राहतो तो दुसराच प्रश्न: मिळालेले ज्ञान वापरावे की वापरू नये. म्हणजे हे दालन आपल्या भाषेत बंद नव्हते. त्यात शिरणारे लेखक आणि वाचक थोडे राहिले.

ते वाढवायचे असतील तर ग्रंथालयांकडे पाहावे लागते. १८२८ पासून चालत आलेले रत्नागिरीचे नगर वाचनालय, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर अशा जुन्या संस्था ज्या किनाऱ्यावर आहेत, तेथे वाचनाची भूक नाही असे म्हणता येणार नाही. चिपळूणच्या वाचन मंदिराला २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुराने गाठले. तरीही ते उभे राहिले, आणि त्यामागे वाचकांचीच माया होती. मात्र या साऱ्या संस्था वर्गणी आणि शासनाच्या अनुदानावर चालतात, त्यामुळे पुस्तक खरेदी करताना ‘हे किती जण नेतील’ हा प्रश्न कार्यवाहांना विचारावाच लागतो. मी त्यांना दोष देत नाही. माझा आग्रह इतकाच आहे की हा एकमेव प्रश्न असू नये. वर्षाकाठी खरेदीचा एक लहानसा वाटा, ज्यांना वाचक कमी पण चिकाटीचे असतात अशा पुस्तकांसाठी राखून ठेवावा, आणि असे पुस्तक वर्षभर कोणी नेले नाही म्हणून ते रद्दीत किंवा तळघरात जाऊ नये. आमच्यातली ती विद्यार्थिनी अशा पुस्तकापर्यंत पोहोचली ती फोनवर, कारण जवळच्या कोणत्याच कपाटात ते नव्हते. तिच्यासारख्या वाचकाला ग्रंथालयाने गमावू नये.

वाचकांनीही मत देण्याची रीत थोडी बदलावी. पाचपैकी किती गुण, हे सांगून पुढच्या वाचकाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा पुस्तक कोठे सोडले, का सोडले, कोणते पान पुन्हा वाचावेसे वाटले, हे चार ओळींत लिहिले आणि तो कागद पुस्तकाबरोबरच ठेवला, तर त्याचा उपयोग ग्रंथपालालाही होईल आणि अनुवादकालाही. निवृत्त शिक्षकांनी लिहिलेले ‘येथपासून मला कोण बोलते ते कळेना’ हे वाक्य मला कोणत्याही गुणांकनापेक्षा मोलाचे वाटते. मराठी अनुवादकाने ते वाचले तर प्रकरणाच्या आरंभी निवेदकाचे नाव घालावे का, याचा विचार तो मूळ लेखकाची परवानगी घेऊन करू शकेल. आणि त्याहून चांगले म्हणजे, मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा भेद क्रियापदातच असल्याने कॅम्पियन बोलतो आहे की पर्स्लेन, हे पहिल्या काही वाक्यांतच वाचकाला कळेल. इंग्रजी वाचकाला जी अडचण आली ती मराठी वाचकाला येणारच नाही. हा अनुवाद कोणीतरी हाती घ्यावा, आणि त्याची पहिली प्रत माडबनच्या वाटेवरच्या एखाद्या गावच्या वाचनालयात पोहोचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.